टेबलाची पलीकडची बाजू

काउंटीचं पत्र आलं त्या दिवशी मी सकाळपासून भेंडीत होते. भेंडीला सुट्टी नसते. आज राहिली तर उद्या निबर, आणि निबर भेंडी पार्सिपनी शहरातला देशी दुकानदार हातात धरत नाही. शेंडा मोडून बघतो आणि खोका तसाच परत ढकलतो. सव्वा महिना पावसाचा थेंब नव्हता. मेपलची पानं ऑगस्टातच करपून खाली आली होती, ओढा कोरडा पडला होता, आमची बोअर अर्धा तास चालली की पाण्याऐवजी हवा फेकायची. अंगात यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात मोजे, डोक्याला ओढणी, तरी भेंडीची लव मनगटात शिरायचीच. दिवसभर नुसती खाज.

हे पोस्टाच्या डब्याकडून वाफ्यांमधून चालत आले. हे म्हणजे आमचे चारुदत्त खराडे, गावात चार्ली. हातात दोन पाकिटं, एक यांच्या नावाचं, एक माझ्या नावाचं. दोन्ही यांनीच फोडलेली. माझं पाकीट यांनी का फोडलं, असं तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"लॉरेननं तक्रार केलीय," हे म्हणाले. "तुझ्यावर."

हातातली भेंडी तशीच राहिली.

आमच्या हॉलो क्रीक टाउनशिपचं, म्हणजे गावाचं, मतदान फायर हाऊसमध्ये होतं. आगीचे बंब बाहेर काढतात, आत एक लांब टेबल मांडतात आणि त्या टेबलावर चार माणसं बसतात. दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. तसा नियमच आहे. मतदानाच्या मशीनचं सील तोडायचं तर एक इकडचा, एक तिकडचा. मतपत्रिकांची पिशवी उचलायची तरी एक इकडचा, एक तिकडचा. एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची, भांडायचं मात्र नाही. तिकडचे, रिपब्लिकन, दोघे म्हणजे हे आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ड्वाइट. इकडच्या, डेमोक्रॅट, दोघी म्हणजे लॉरेन आणि मी. लॉरेननं अडतीस वर्षं शाळेची बस चालवली, आता गुडघ्यामुळे घरी असते. रस्त्याच्या पलीकडे तिचं घर, घरामागे तळं. त्या उन्हाळ्यात आमची भेंडी, गवार, दुधी सगळं तिच्या तळ्यावर जगत होतं. आमचा पंप तिच्याच काठावर बसवलेला.

यांनी उभ्याउभ्याच मला पत्र वाचून दाखवलं. रेखा खराडे चांगली बाई आहे, असं लॉरेननं लिहिलं होतं. पण सही करण्याआधी ती सीलचा नंबर बघत नाही, नवऱ्याकडे बघते, आणि नवरा समोरच्या पक्षाचा आहे. म्हणजे टेबलावर तिकडचे तीन झाले आणि इकडची लॉरेन एकटी. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला काउंटीच्या इलेक्शन बोर्डानं आम्हा तिघांना बोलावलं होतं.

"आणि आपण हिला भोपळे पोचवतो," हे म्हणाले, पत्र घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले.

आता एका घरात दोन पक्ष कसे, तर ती यांच्या घरची रीत. सांगलीकडचं गाव. माझ्या सासऱ्यांना तीन मुलगे. थोरल्याच्या छातीवर एका पक्षाचा बिल्ला, मधल्याच्या छातीवर दुसऱ्याचा, आणि धाकटे हे दोघांचेही झेंडे सायकलला लावून हिंडायचे. निवडून कोणी का येईना, रस्त्याची खडी आधी आमच्या दारात पडायची. भाऊ-भाऊ प्रचारात एकमेकांना शिव्या घालायचे आणि एका ताटात जेवायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही, मी त्या घरात नवी होते.

सिटिझन झालो तेव्हा यांनी मतदार नोंदणीचे दोन फॉर्म आणून ठेवले. गावात रिपब्लिकन जास्त, म्हणून मी तिकडे, म्हणाले. पार्सिपनीकडे आपली माणसं बहुतेक डेमोक्रॅट, म्हणून तू तिकडे. घर दोन्ही बाजूंना उघडं असलेलं बरं. मी पोळ्या लाटत होते. यांच्या फॉर्मांना पिवळ्या चिकट पट्ट्या लावलेल्या असतात, सही इथे. व्हिसाच्या दिवसांपासून तीच सवय. पीठ झटकलं आणि पट्टीपाशी सही केली. त्या वर्षी यांनी फाटकाच्या एका खांबाला एका पक्षाची पाटी ठोकली, दुसऱ्या खांबाला दुसऱ्याची. ड्वाइट ट्रक थांबवून विचारायला आला, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून.

फायर हाऊसमधल्या डेमोक्रॅटांच्या दोन खुर्च्यांतली एक कित्येक वर्षं रिकामी होती. काउंटीच्या क्लार्कबाईंनी मतदारांच्या यादीत माझं नाव बघितलं आणि फोन केला. मी घाबरत घाबरत ट्रेनिंगला गेले. आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम फार आवडलं. गावात आठ वर्षं राहून ज्यांनी मला फक्त ट्रकच्या खिडकीतून बघितलं होतं, ती माणसं टेबलापुढे यायची, माझ्या छातीवरचं नाव वाचायची, गुड मॉर्निंग रेखा म्हणायची. कोणाचं आडनाव कसं लिहायचं, कोण कुठल्या रस्त्यावर राहतं, मला सगळं पाठ झालं. वर्षातले ते दोन दिवस मी कोणाची बायको किंवा कोणाची आई नसायचे, मतदानाच्या टेबलावरची बाई असायचे. ते जाणार म्हटल्यावर मला रडू आलं. भेंडी तोडत तोडतच रडले, नाहीतर खोका भरला नसता.

दुपारी हे तळ्यावर गेले आणि पंप काढून घेऊन आले.

मी म्हटलं, अहो, पाणी कुठून देणार? बोअरनं भागवू, म्हणाले. जी बाई आपल्यावर काउंटीला पत्र लिहिते तिच्या पाण्याचा थेंब मला नको. यांचा राग असाच. ओरडायचे नाहीत, वस्तू उचलून आणायचे. पंप शेडमध्ये ठेवला, पाइप गुंडाळून खिळ्याला टांगले आणि शांतपणे हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठदाणीखाली एक कागद होता. घरच्या कामामुळे मला निवडणुकीचं काम यापुढे जमणार नाही, तरी माझं नाव यादीतून काढावं. खाली पिवळी पट्टी. हे म्हणाले, तू सही कर, मी आज स्कॅन करून पाठवतो, मंगळवारी जायची गरजच उरणार नाही. मी म्हटलं, करते, हात ओले आहेत. हात वाळल्यावरही केली नाही. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. कागद मीठदाणीखालीच राहिला. रोज सकाळी हे विचारायचे, केलीस? मी म्हणायचे, नाही अजून.

बोअरनं काही भागलं नाही. सकाळी भेंडीला पाणी दिलं की गवारीला उरायचं नाही. ठिबकच्या नळ्यांतून नुसता फुसफुस आवाज यायचा. मी बादल्यांनी दुधीच्या मुळाशी पाणी घातलं. एका हातात दोन बादल्या मावत नाहीत आणि दोन्ही हातांत दोन घेतल्या की माझी पाठ भरून येते. चौथ्या दिवशी दुधीचे वेल सकाळी दहालाच मान टाकून पडले. मेथीचे वाफे तयार होते, पण कोरड्या मातीत बी कसं टाकणार? हे बघत होते. दिसत होतं त्यांना सगळं. पण तळ्याचं नाव काढायची सोय नव्हती.

अनयाचा फोन आला. आमची अनया पार्सिपनीला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, शुक्रवारी माल घेऊन गेलं की बापाला जेवू घालते. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, लेक माझ्या बाजूनं चिडेल.

"आई," ती म्हणाली, "ऑनेस्टली, शी इज नॉट राँग."

मी फोन ठेवून दिला. फार राग आला तिचा. भांडी घासताना जूनमधली सकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागली. प्रायमरीचा दिवस, पक्षांचे उमेदवार ठरवायचं मतदान. सहाला दार उघडायचं, पावणेसहा वाजलेले. सीलवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते दोन्ही बाजूंच्या माणसांनी वाचायचं आणि सही करायची. नंबर यांनी वाचला, ड्वाइटनं वाचला, लॉरेननं चष्मा लावून वाचला. मग कागद माझ्यापुढे आला आणि यांनी बोट ठेवलं, इथे. मी सही केली. सील मशीनच्या कोणत्या बाजूला असतं हेही मी त्या दिवशी बघितलं नव्हतं. नंबर बरोबर होता, मतदान व्यवस्थित झालं. पण मी बघितला नव्हता, एवढं खरं. अनयावरचा राग मग उतरला आणि स्वतःची लाज वाटायला लागली.

शुक्रवारी हे माल घेऊन पार्सिपनीला गेले. दहाच्या सुमारास मी शेडमध्ये गेले आणि पंप ढकलगाडीत चढवला. चढवला म्हणजे काय, एक बाजू उचलून कडेवर टेकवली, मग दुसरी. मांडीला खरचटलं. पाइप गळ्यात घातले. रस्त्यापर्यंत आले ठीक, पण पलीकडच्या चरात ढकलगाडीचं चाक रुतलं. पुढेही जाईना, मागेही येईना. पंप एका अंगाला कलला, आणि मी भर उन्हात त्याला धरून उभी. सोडला असता तर चरात पडला असता.

लॉरेन पोर्चवर बसली होती. तिनं मला आधीपासून बघितलं असणार. काठी घेऊन एक एक पायरी उतरली, चरापर्यंत आली, काठी गवतात टाकली आणि दुसरा दांडा धरला. दोघींनी मिळून चाक बाहेर काढलं. काठावर पंप ठेवला, पाइप जोडले, पाइपाच्या टोकाची झडप, फूट व्हॉल्व्ह, पाण्यात सोडला. तिनं डबड्यानं पंपात पाणी ओतलं, मी दोरी ओढली. चौथ्या खेपेला पंप चालू झाला आणि रस्त्याखालच्या पाइपातून पाणी आमच्या रानाकडे गेलं. तेव्हा कुठे दोघी गवतावर टेकलो.

मी विचारलं, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं," लॉरेन म्हणाली, "तर तू घरी जाऊन चार्लीला विचारलं असतंस."

विचारलंच असतं.

मग तीच बोलत राहिली. मी येण्याआधी अकरा वर्षं तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. कधी काउंटी कोणालातरी पाठवायची, बहुतेक वेळा नाहीच. समोर दोघं आणि इकडे ती एकटी. कोणी फसवलं असं ती म्हणत नव्हती. ड्वाइट सरळ माणूस आहे, चार्लीही. पण मतदान संपलं की ती गाडीत बसून विचार करायची, आज काही चुकलं असतं तर मला कळलं असतं का? मी पहिल्यांदा आले त्या दिवशी तिनं केक करून आणला होता. मला आठवला तो केक. मला वाटलं होतं, इथे सगळ्यांसाठीच आणतात.

"मग मला काढायला का लिहिलंत?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला काढा असं मी कुठे लिहिलंय? पत्र वाचलंस ना?"

मी वाचलं नव्हतं. मला वाचून दाखवलं होतं.

घरी आले. हात न धुता यांच्या कागदांच्या फाइलीत शोधलं. माझ्या नावाचं पाकीट सापडलं, आत तक्रारीची प्रत. उभ्यानं वाचायला घेतली, मग खुर्ची ओढून बसले. यांनी वाचून दाखवलं होतं ते सगळं होतं, शब्दाला शब्द. त्याखाली आणखी चार ओळी होत्या. रेखाला या टेबलावर ठेवावं अशी माझी विनंती आहे, तिच्याइतकी गावातली नावं कोणाला पाठ नाहीत. तिच्या नवऱ्याला मात्र दुसऱ्या टाउनशिपच्या टेबलावर पाठवावं, म्हणजे ती स्वतः बघायला लागेल.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नवऱ्यानं इतक्या वर्षांत माझ्यावर हात उगारला नाही, पैशाला कधी अडवलं नाही, आणि चार ओळी माझ्यापासून लपवल्या.

हे संध्याकाळी सहाला आले. शेताकडे बघून समजले, भेंडीची माती ओली होती. हातपाय धुऊन जेवायला बसले. मी वाढलं, आणि ताटाशेजारी पत्र ठेवलं.

"खालच्या चार ओळी वाचल्या होत्या तुम्ही?"

यांनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. "वाचल्या होत्या," म्हणाले.

"मग?"

मग हे जे बोलले ते असं. कंपनीनं काढलं तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, कोणी फोनसुद्धा केला नाही. या गावात आले तर शेतकरी म्हणून कोणी धरेना, इंजिनिअर म्हणून कोणाला गरज नाही. फायर हाऊसमध्ये त्या टेबलावर बसले तेव्हा पहिल्यांदा कोणी खांद्यावर हात ठेवून चार्ली म्हणालं. तिथून उठायचं म्हणजे. पुढचं वाक्य यांनी पुरं केलं नाही. तुला काय गं, म्हणाले, तुला कुठेही माणसं मिळतात.

मला त्यांची कीव आली, हे मी नाकारत नाही. पण कीव आली म्हणून सही होत नाही. मीठदाणीखालचा कागद काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला, बिनसहीचाच. मंगळवारी मी येणार आहे, म्हटलं. तुम्ही आलात तर एकाच ट्रकनं जाऊ.

मंगळवारी पहाटे भेंडी तोडली, अंघोळ केली, निळा कुर्ता घातला. मनगटांवर लाल चट्टे तसेच. काउंटीच्या इमारतीत एक लहान खोली होती आणि एका टेबलामागे बोर्डाचे चार मेंबर. दोन या पक्षाचे, दोन त्या पक्षाचे. त्यांतल्याच एक चष्मेवाल्या बाई अध्यक्ष. लॉरेन चर्चचे कपडे घालून पुढच्या रांगेत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. हे एक रांग सोडून मागे.

बाईंनी तक्रार वाचली. पूर्ण वाचली, खालच्या चार ओळींसकट. मग म्हणाल्या, नवरा-बायकोनं एका टेबलावर बसू नये असा नियम नाही, प्रश्न फक्त इतकाच आहे की मिसेस खराडे स्वतः बघून सही करतात का. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उभे राहिले होते.

"माझ्या बायकोला असं म्हणायचंय की," यांनी सुरुवात केली.

"मला विचारा," मी म्हटलं.

आवाज मोठा नव्हता माझा, पण खोली लहान होती. बाईंनी यांना हातानं बसायला सांगितलं. मी उभी राहिले. माझ्याच खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवला. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, पण ट्रेनिंगमध्ये शिकले होते तेवढं आठवलं.

मी सांगितलं की लॉरेन म्हणतात ते खरं आहे. नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाच्या चौकोनात खूण नवऱ्यानं केली होती, मी सही केली. जूनमध्ये सीलचा नंबर मी बघितला नाही, नवऱ्यानं बोट ठेवलं तिथे सही केली. असं करायला नको होतं. त्या दिवशी कोणी चुकलं नाही, हे नशीब. पण मला तिथे बसायचं आहे. नोव्हेंबरात मी आधी बघीन आणि मगच सही करीन, आणि नंबर जुळला नाही तर दार उघडू देणार नाही, बाहेर कितीही माणसं उभी असोत.

रिपब्लिकन बाजूच्या एका म्हाताऱ्या मेंबरानं विचारलं, आणि तुमचे मिस्टर बोट ठेवतील तेव्हा? मी म्हटलं, ते लांब असतील तर मला सोपं जाईल.

लॉरेन हसली. मेंबरही हसले, पण वाईट हसू नव्हतं. चौघांनी डोकी जवळ आणून दोन मिनिटं बोलणं केलं. मग बाईंनी सांगितलं, हॉलो क्रीकच्या टेबलासाठी रिपब्लिकन बाजूची सहा नावं वाट बघत आहेत, डेमोक्रॅट बाजूचं एकही नाही. मिसेस खराडे तिथेच राहतील. मिस्टर खराडेंना शेजारच्या टाउनशिपला पाठवलं तर त्यांची हरकत आहे का?

सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता वस्तू उचलून निघून जातील. पण हे उभे राहिले, टोपी हातात धरली आणि म्हणाले की हरकत नाही. तिकडे आपल्याला कोणी ओळखत नाही, एवढंच.

बाहेर ऊन तापलं होतं. लॉरेन तिच्या गाडीनं गेली. आम्ही ट्रकमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं वाळून उभी होती. एका सिग्नलला ट्रक थांबला तेव्हा यांनी घसा साफ केला.

"रेखा," म्हणाले, "तू नक्की कोणाला मत देतेस?"

सिग्नल हिरवा झाला तरी यांनी ट्रक हलवला नाही, माझ्याकडे बघत राहिले. खरंच विचारत होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "चला आता, दुधीला पाणी सोडायचंय."